बांधावरची पाथरी

यंदा श्रावणात आमच्या कॉलेजात रानभाज्यांचं प्रदर्शन भरलं. प्रत्येक भाजीपुढे ठेवायच्या पुठ्ठ्याच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. वनस्पतिशास्त्र शिकवणारा मी, आणि अक्षर बरं, एवढीच माझी पात्रता. आदल्या दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी एकेक पाटी लिहीत होतो. कुर्डू. तांदुळजा. केना. घोळ. प्रत्येक नावाखाली शास्त्रीय नाव आणि त्याखाली एक शब्द : ओषधी.

वीस-बावीस वर्षं हा शब्द मी फळ्यावर लिहीत आलो आहे. ओषधी म्हणजे लहान, नरम, हिरव्या खोडाची वनस्पती, जिच्या खोडाचं लाकूड होत नाही. बहुतेक एका हंगामाच्या असतात. फुलतात, फळतात, सुकून जातात. वृक्षाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं साठतात, ओषधीजवळ तसं काही साठत नाही. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, ‘सर, मग केळीचं झाड म्हणायचं न्हाय?’ मी म्हणतो, म्हण बाबा, पण परीक्षेत लिहू नकोस. केळीत लाकूड नाही, केळ ही ओषधीच. वर्ग हसतो. केळीएवढी उंच वस्तू मेथीच्या जुडीशेजारी बसवलेली त्यांना पटत नाही.

पाट्या लिहिता लिहिता मी ‘पाथरी’पाशी आलो आणि थांबलो. पेन उचललं, परत टेकवलं. पुठ्ठ्यावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. ती पाटी मी फाडली आणि दुसरी घेतली.

पाथरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीला चिकटून पसरलेली, कातरलेल्या पानांची, खुडली की देठातून पांढरा चीक येणारी. बांधावर, पायवाटेकडेला, कुणी न लावता उगवते. चव कडसर. माझ्या हातांना तिचा वास सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात लागला, तो काही गेला नाही.

कसबा बावड्याच्या शिवेवर आमचं पाऊण एकर रान आहे. एका अंगाला उसाचं रान, दुसऱ्या अंगाला नवीन बंगल्यांची कॉलनी. वडील होते तोवर ते बघायचे. आता मी बघतो, म्हणजे कॉलेज सुटल्यावर मोटरसायकलवरून जाऊन बघतो. भुईमुगाची भांगलण, म्हणजे खुरपणी, असली की रानाच्या वाटेवर राहणारी सुंद्राक्का मजुरीच्या बायका घेऊन यायची. पाच-सहा जणी, डोक्याला बांधलेल्या टॉवेलांचे रंग वेगवेगळे, हातात खुरपी. ओळीत उकिडव्या बसून त्या पुढे सरकायच्या आणि मागे ओली काळी माती उघडी पडत जायची. खुरप्याचा खसखस आवाज, मुळासकट निघालेल्या गवताचा हिरवा वास, मधूनच कुणाच्या तरी सासूची नक्कल आणि मोठ्यानं हसणं. भांगलणीचा हंगाम मला अजून कानांनी आधी आठवतो.

या बायकांचा एक हक्क असतो. तो कुणी कागदावर लिहिलेला नाही, पण आमच्या भागात तो मोडत नाही. ज्या रानात भांगलायचं त्या रानाच्या बांधावरची भाजी भांगलणाऱ्या बाईची. भाकरीच्या सुट्टीत त्या बांधावर पसरायच्या, कुर्डूचे शेंडे, पाथरीची पानं खुडून पदराच्या ओट्यात भरायच्या. मालकाला विचारायची रीत नाही. मालकानं ‘नको’ म्हणायचीही नाही.

हे मला ठाऊक होतं. आणि तरीही ठाऊक नव्हतं, असंच म्हणावं लागेल. आम्ही जैन. चातुर्मासात आमच्या घरी पालेभाजी येत नाही. पावसाळ्यात पानापानावर, देठादेठावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात म्हणून आषाढ ते कार्तिक पालेभाजी वर्ज्य. आई पाळायची, आता माझी बायको पद्मा पाळते, मीही पाळतो. रानभाज्या उगवतात त्या याच चार महिन्यांत. म्हणजे जन्मभर ज्यांच्यामधून चाललो, ज्यांची नावं लॅटिनमध्ये पाठ केली, त्यांतली एकही माझ्या ताटात कधी आली नाही. ज्याला भूक कधी चिकटली नाही ते माझ्या लेखी तण होतं. पुस्तकात ओषधी, रानात तण. भाजी हा शब्द माझ्याजवळ नव्हताच.

त्या श्रावणात कॉलनीतले दोघे-तिघे माझ्याकडे आले. ‘सर, तुमच्या वरच्या बांधावर रान माजलंय. साप निघतात. पोरंबाळं खेळतात आमची.’ म्हणणं बरोबर होतं. शुक्रवारी संध्याकाळी शेजाऱ्याकडून पंप आणला, तणनाशक कालवलं आणि पाठीला अडकवून वरचा बांध सगळा फवारला. अर्धा तास लागला असेल. पंप चालवताना मला बरं वाटत होतं, हेही सांगितलं पाहिजे. एरवी सगळं दुसऱ्यांच्या हातून होतं, आज आपण काहीतरी केलं. घरी येऊन साबणानं दोनदा अंघोळ केली. स्वतःसाठी एवढी काळजी मी घेतली.

शनिवारी सकाळी बायका भांगलायला आल्या. मी कॉलेजात होतो. दुपारी चहाची किटली घेऊन रानात गेलो तेव्हा भाकऱ्या खाऊन झाल्या होत्या. बाकीच्या खालच्या बांधावरची भाजी खुडून चहासाठी जमल्या होत्या. सुंद्राक्का वरच्या बांधावरून उतरत होती आणि तिचा ओटा फुगलेला होता.

तणनाशक मारलं की पान लगेच पिवळं पडत नाही. चार-पाच दिवस ते जसंच्या तसं राहतं. हे मी शिकवतो. तिच्या ओट्यातून डोकावणारी पाथरी हिरवीगार होती, तुकतुकीत.

‘मास्तर, औंदा पाथरी काय कवळी हाय म्हणून सांगू! वैनीस्नी न्यावा की जराशी,’ ती म्हणाली. मग स्वतःच कपाळाला हात लावून हसली. ‘आगं बया, ईसरलोच की! तुमास्नी चातुर्मास न्हवं का. तुमच्या वाटणीची बी आमीच खातो, जावा.’

बाकीच्या हसल्या. माझ्या हातात किटली होती. ‘काल औषध मारलंय, टाकून द्या’, एवढंच वाक्य होतं. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. ते वाक्य जुळवूनही झालं होतं. पण पाच बायका बघत होत्या. त्या काय म्हणतील? ‘मास्तर, आदी सांगाया काय झालंतं?’ बावडाभर होईल. शिकलेला माणूस आणि एवढं कळू नये? मी कप भरत राहिलो आणि म्हणालो, ‘घरी गेल्यावर भाजी नीट धुवून घ्या हं.’

‘धुतल्याबिगार खातोय व्हय आमी?’ सुंद्राक्का फणकारली. ‘मास्तर मला सैपाक शिकवाय लागलं बगा.’

या एका वाक्यामुळे माझी सुटका होत नाही. मला काही ठाऊकच नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकत नाही. ‘नीट धुवून घ्या’ असं म्हणणाऱ्याला सगळं ठाऊक असतं.

त्या दिवशी सुंद्राक्काचा शनिवार होता; ती फक्त शाबू खायची. मुलगा संभा सूतगिरणीत दुसऱ्या पाळीला. भाजी केली ती सुनेनं, आणि खाल्लीही एकट्या सुनेनंच. रेखा तिचं नाव. लग्न होऊन आठ महिने झालेले. अकरावी-बारावीला माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर, वहीच्या समासात पानांची चित्रं काढणारी.

रविवारी सकाळी एक बाई माझ्या दारात आली. रेखाला उलट्या थांबत नाहीत, दवाखान्यात नेलंय. मी गेलो. वॉर्डात फिनेलचा वास, खिडकीबाहेर बारीक पाऊस. रेखाचे ओठ पांढरे पडले होते. सुंद्राक्का उशाशी उभी राहून तिला पाणीही पाजत होती आणि बोलतही होती. ‘परवा नवऱ्यासंगं रंकाळ्यावर भेळ खाल्लीया. माझ्यापासनं चोरून! घरात काय उपाशी मारतो का आमी हिला?’

तरुण डॉक्टर कागदावर लिहीत होता. त्यानं विचारलं, ‘काल घरी काय खाल्लं?’

‘भाकरी आन् पाथरीची भाजी. मी माझ्या हातानं खुडल्याली. तिच्यात काय न्हाय.’

‘शेतात काही फवारलं होतं का?’

सुंद्राक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. उलट, चार बुकं शिकलेला माणूस आपल्या बाजूनं उभा आहे, याचा आधार होता. ‘मास्तरांचं रान हाय. मास्तर, मारल्यालं व्हय काय?’

मी म्हणालो, ‘भुईमुगात काही मारलेलं नाही.’

शब्दशः खरं होतं. भुईमुगात मारलं नव्हतं. बांधावर मारलं होतं. आयुष्यभर नेमक्या व्याख्या शिकवल्या, त्यांचा एवढाच उपयोग मी केला. डॉक्टरनं पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यानं भेळ लिहून घेतली. रेखानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

तीन दिवसांत ती बरी होऊन घरी आली. इथं मी देवाचे आभार मानले आणि विषय मिटला असं स्वतःला बजावलं. तणनाशकानंच झालं की खरोखर भेळेनं, हे मला आजही ठाऊक नाही. कळलं असतं, पण कळायची वाट मीच माझ्या उत्तरानं बंद केली होती.

पाचव्या दिवशी वरचा बांध पिवळा पडायला लागला. जिथं पंप जास्त रेंगाळला तिथं जास्त पिवळा. दुरूनसुद्धा दिसेल असा. मी विळा घेऊन गेलो आणि एका सकाळी तो बांध कापून साफ केला, कापलेलं ओढ्यात टाकलं. सवय नव्हती, दोन बोटं कापली. कॉलनीतला एक गृहस्थ गच्चीवरून म्हणाला, ‘वा सर, स्वतः राबताय!’ मी हसून हात वर केला.

सुंद्राक्काच्या घरात मात्र भेळ संपली नाही. मीठ जास्त पडलं तरी भेळ, झोपून राहिली तरी भेळ. गल्लीत रेखाला ‘भेळवाली’ म्हणायला लागले. मी रानातून येता-जाता हे ऐकायचो. एकदा नळावर सुंद्राक्का दुसरीला सांगत होती, ‘दवाखान्यात मास्तर हुतं माझ्यासंगं. त्यांनीच सांगितलं डाक्टरला, भाजीत काय न्हाय म्हणून.’ मी मोटरसायकलचा वेग वाढवला. दिवाळीनंतर संभानं हातकणंगल्याजवळच्या सूतगिरणीत बदली घेतली आणि दोघं तिकडं राहायला गेली. जाताना रेखा सासूच्या पाया पडली नाही, असं लोक सांगतात. त्यानंतर सुंद्राक्का एकटी.

आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावणी असते. बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, बाहेर पडताना सगळे एकमेकांसमोर हात जोडतात : वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. भाऊ भावाला म्हणतो, शेजारी शेजाऱ्याला. हल्ली मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवतात. मीही पाठवतो. सहा वर्षं दर क्षमावणीला मी दीडदोनशे लोकांची क्षमा मागितली, ज्यांचं मी काहीही बिघडवलेलं नव्हतं. सुंद्राक्काचं घर माझ्या रानाच्या वाटेवर आहे. त्या दिवशी मी दुसऱ्या वाटेनं जायचो.

गोष्ट अशी आहे की त्या शनिवारी ही चूक अगदी कोवळी होती. नखानं खुडता आली असती. एक वाक्य, थोडी फजिती, एका ओट्यातली भाजी उकिरड्यावर. मग रविवार आला, मग विळा, मग नळावरचं ते बोलणं, आणि दर वर्षी तिच्यावर एक वलय चढत गेलं. आता तिला हात घालायचा तर कुऱ्हाड लागणार.

प्रदर्शनाच्या दिवशी सुंद्राक्का दोन टोपल्या भरून भाज्या घेऊन आली. मीच बोलावलं होतं. भाज्या तिच्याइतक्या कुणाला कळतात? नवं लुगडं नेसून ती टेबलामागे उभी राहिली आणि पोरींना दटावायला लागली. ‘आगं, शेंडा खुडायचा, मूळ उपटायचं न्हाय. उंद्याच्याला काय खाशील?’ मग पाथरीपुढची पाटी उचलून माझ्यापुढे धरली. ‘मास्तर, ह्येच्यावर काय लिवलंयसा?’

मी वाचून दाखवलं : ओषधी, नरम खोडाची, लाकूड न होणारी वनस्पती.

‘म्हंजे खायाची.’

‘नाही, तसं लिहिलेलं नाही.’

‘मग लिवलं काय?’ ती म्हणाली. ‘लाकूड हुत न्हाय म्हणून तर खातो न्हवं आमी. लाकूड कोण खातंय?’ मुली खो खो हसल्या. तिनंही हसून पाटी परत जागेवर ठेवली, जरा सरळ केली, आणि आवाज एकदम उतरला. ‘आमची रेखा असती तर तिनं ह्या समद्या पाट्या वाचून दावल्या असत्या. लई नाद तिला वाचायचा.’

आमची रेखा. सहा वर्षांत मी तिच्या तोंडून ‘भेळवाली’च ऐकलं होतं.

क्षमावणीच्या दिवशी बस्तीतून निघालो तो सरळ तिच्या घरी. पद्माला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘आपण चार महिने पानावरचे जीव मोजतो.’

सुंद्राक्का अंगणात शेंगा फोडत होती. ‘या की मास्तर. बसा. च्या टाकू?’

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. शुक्रवारचा पंप, शनिवारची किटली, दवाखान्यातलं उत्तर, सगळं सांगितलं. शेंगा फुटत होत्या, टच्च, टच्च. मधेच तो आवाज थांबला. माझं बोलून झालं. मला वाटलं, आता ही ओरडेल, गल्ली गोळा होईल. खरं तर मला तेच हवं होतं.

‘बांद कापल्याला बगितलाता मी,’ ती हळू म्हणाली. ‘तुमच्या हातात इळा कवा दिसला न्हाय. तवाच मनात आलंतं, कायतरी हाय.’

‘मग विचारलं का नाही?’

‘इचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं. आन् मग सुनंला काय बोलणार हुतो मी?’ तिनं मूठभर टरफलं उचलली, परत टाकली. ‘ल्योक तिच्या मागं मागं कराय लागलाता. भेळ बरी घावली मला. तुमी बोलला न्हाईसा आन् मी बोलत ऱ्हायलो. काय फरक हाय दोघांत?’

मी हात जोडले. तिनं ते पाहिले आणि तोंड फिरवलं.

‘मला कशाला हात जोडतासा? उलट्या मला झाल्यात्या व्हय? हातकणंगल्याला जावा.’ मी वळलो, तशी तिनं हाक मारली. ‘थांबा. लुगडं बदलतो. मीबी येतो.’

पॅसेंजर गाडीत ती खिडकीशी बसली. अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. ती एकदाच बोलली. ‘दार लावलं तिनं तोंडावर, तर?’

‘तर बाहेर उभं राहायचं,’ मी म्हणालो.

दार रेखानं लावलं नाही. उघडंच होतं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. आधी मी दिसलो, ‘सर?’ म्हणून उठायला लागली; मग माझ्यामागे सासू दिसली आणि ती परत खाली बसली. काटवटीवरचे हात काही थांबले नाहीत. मी उंबऱ्यात उभा राहून दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. तिनं एक भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली.

‘मला म्हाईत हुतं, भेळंनं न्हवं ते,’ ती भाकरीकडे बघत म्हणाली. ‘भेळ दोघांनी खाल्लीती. ह्यांना काय झालं न्हाय. पर माझं कोण ऐकणार? तुमी सांगितल्यावर, सर, माझं कोण ऐकणार हुतं?’

सुंद्राक्का भिंतीशी टेकून खाली बसली होती. तिच्या ओठांची नुसती हालचाल होत होती. रेखानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण शेजारचं निवडायच्या भाजीचं सूप पायानं थोडं तिच्याकडे सरकवलं. म्हातारीनं ते मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून पानं निवडायला लागली.

मी निघायला वळलो.

‘जेवल्याबिगार जाऊ नका, सर.’

तिनं ताट वाढलं. भाकरी, ठेचा, आणि लसणाची फोडणी दिलेली काळपट हिरवी भाजी. मी वासावरून ओळखली. सुंद्राक्कानं मान वर केली. मी चातुर्मासात पालेभाजी खात नाही, हे तिला माहीत होतं. रेखालाही माहीत असणार. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती. माझा हात ताटावर थबकला, ते नेमासाठी की भीतीसाठी, मला सांगता येणार नाही.

रेखानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

‘खावा, सर,’ ती म्हणाली. ‘कुणी औषध मारल्यालं न्हाय. मी रानाच्या मालकाला इचारून आणलीया.’

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाथरी खाल्ली. कडू होती.